पाण्याचा दावा

इतिहासाच्या तासाला आम्ही मुळशीचा सत्याग्रह शिकवीत होतो. आमची शाळा नेऱ्याची, तेव्हा हा धडा पुस्तकातला कमी आणि घरातला अधिक. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले, आणि अखेर धरण झालेच. हे सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग ते कोर्टात का नाही गेले?"

आम्ही त्याला उत्तर दिले. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याने कंपनीसाठी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता. न्यायालयात भांडता येई ते मुख्यत्वे मोबदल्याच्या आकड्यासाठी. 'आम्हांला जमीन द्यायचीच नाही' हे म्हणणे ऐकून घेणारे न्यायासन शेतकऱ्याला कोठे सापडणार? मुलगा गप्प बसला, पण प्रश्न आमच्या मागे लागला. पाणी नेले गेले तेव्हा कायदा उपयोगी पडला नाही, हे खरे. मग पाणी नासविले गेले तेव्हा तरी पडला काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तो असा.

१८६० च्या दंडसंहितेत २७७ वे कलम होते. सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी बुद्ध्या घाण करणाऱ्यास तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. वाहती नदी ह्या शब्दांत बसत नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावला. म्हणजे गावच्या तळ्यात घाण टाकणारा गुन्हेगार, आणि नदीत टाकणारा मोकळा! पुढे महाराष्ट्राने १९६९ साली व केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. मंडळे आली, परवाने आले. तरी मूळ अडचण सुटली नाही. पाणी वाहते, मुरते, दुसऱ्या पाण्यात मिसळते. विहीर नासली हे कोणालाही दिसते. ती कोणी नासविली हे सिद्ध कसे करायचे, आणि करायचे कोणी?

ह्या अडचणीने अमेरिकेतल्या माणसांनाही रडविले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न म्हणून गाव आहे. तेथल्या दोन सार्वजनिक विहिरींत कारखान्यांत वापरली जाणारी रसायने सापडली, म्हणून १९७९ साली त्या बंद केल्या. ज्यांच्या घरात रक्ताचा कर्करोग शिरला होता अशा आठ कुटुंबांनी १९८२ साली बड्या कंपन्यांवर दावा लावला. कोणाचे विष, केव्हा, जमिनीखालून कोणत्या वाटेने विहिरीपर्यंत पोचले, हे सिद्ध करण्याचे ओझे दुःखात बुडालेल्या ह्या आईबापांवर! १९८६ साली ज्यूरीने एक कंपनी सोडून दिली, आणि दुसरीने ८० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. कर्करोग कशाने झाला, ह्याचा निवाडा त्या दाव्यात झालाच नाही.

आपल्याकडे हे ओझे हलविले ते राजस्थानातल्या एका खेड्याने. उदेपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८७ च्या सुमारास तेथे 'एच ॲसिड' तयार होऊ लागले. रंगाच्या धंद्यातले हे रसायन परदेशी जाई, आणि त्यामागे उरणारा विषारी गाळ, सुमारे अडीच हजार टन, बिछडीत राही. तो उघड्यावर पडला, पावसाने मुरला, आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. माणसांनी प्यावे असे ते राहिले नाहीच, गुरांना आणि शेताला देण्याजोगेही राहिले नाही. गाव इतके खवळले की जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी पुकारावी लागली. १९८९ साली एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नागपूरच्या 'नीरी' ह्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माती व विहिरी तपासून अहवाल दिला.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती जीवन रेड्डी व कृपाल ह्यांनी निकाल दिला. जो धोक्याचा धंदा करतो त्याने त्यातून होणाऱ्या हानीची भरपाई केलीच पाहिजे. 'आम्ही पुरेशी काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. एवढेच नव्हे, तर माती व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच सोसावा. पुढे हा खर्च ३७ कोटी ३८ लक्ष ५० हजार रुपये ठरला. आता पैसे मिळाले असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. अर्जांमागून अर्ज पडत गेले, आणि ते निकालात निघून चक्रवाढ व्याजासह वसुलीचा हुकूम झाला तो २०११ साली. अर्ज केला त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर बावीस वर्षांचे झाले होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, कापड असे नाना तऱ्हेचे कारखाने तेथे आहेत. त्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध करून नळाने नवापूरच्या समुद्रात सोडावयाचे, अशी योजना. केंद्राची शक्ती दिवसाला अडीच कोटी लिटरची, आणि पाणी येई त्याहून अधिक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, त्यांत तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. शाळेत असा पहिला नंबर कोणी मागणार नाही!

किनाऱ्यावरच्या मांगेल्यांचे पोट समुद्रावर. त्यांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. हे न्यायासन २०१० च्या कायद्याने निर्माण झाले, आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ २०१३ पासून पुण्यात आहे. एका नळात शंभर कारखान्यांचे पाणी मिसळले, तर दोष कोणाचा? वोबर्नची अडचण पुन्हा तीच. पण आता उत्तर निराळे आले. न्यायाधिकरणाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिने २०२० साली शंभरांहून अधिक कारखाने व ते सामाईक केंद्र ह्यांच्यावर वाटा बसवून सुमारे १६० कोटी रुपयांचा हिशेब मांडला. कोणाच्या थेंबाने कोणता मासा मेला हे कोळ्याने दाखवून द्यावे, असे त्याला कोणी म्हटले नाही. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाचा निकाल लागला. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, हेही सांगितले पाहिजे.

पाचशे रुपयांच्या दंडापासून १६० कोटींपर्यंत कायदा चालत आला आहे, हे कोणी नाकारू नये. १९२१ साली मावळ्याला जे न्यायासन नव्हते ते मांगेल्याला सापडले. परंतु हुकूमनाम्याने विहीर उपसली जात नाही. खटल्याला लागणारी वर्षे तारखांत जातात, आणि तेवढ्या वर्षांत जाळी विकून कोळ्याचा मुलगा दुसऱ्याच्या चाकरीला लागतो. ती वर्षे कोणत्याही भरपाईच्या हिशेबात धरलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला वर्गासमोर उभे केले आणि हे सारे सांगितले. मग एक काम दिले. गावातल्या विहिरीचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहायचे, आणि त्याचा रंग, वास, पातळी वहीत तारखेसह लिहायची. "कशाला, सर? पाणी तर चांगले आहे," तो म्हणाला. चांगले आहे तोवरच लिहायचे, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने वहीला कव्हर घातले आहे.