पत्ता विसरलेला स्विच

संगणक कक्षातल्या स्विचचा परवलीचा शब्द कुणालाच आठवत नाही, म्हणून टाचणीने बारीक बटण दाबून तो कारखान्यातून आला तसा करून टाकतात. दिवे लुकलुकतात, संगणक एकमेकांशी बोलतात. पण स्विचचे स्वतःचे पान काही उघडत नाही. आपल्यापैकी काहींनी हा अनुभव घेतला असेल. स्विच बिघडलेला नसतो. मग होते काय?

१९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'कल्पना' या कंपनीने सात जोडण्यांचा 'ईथरस्विच' आणला. (नाव आपले वाटते ना? विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक.) आलेला मजकूर योग्य तारेवर ढकलण्यासाठी स्विचला स्वतःचा आयपी पत्ता लागतच नाही. पत्ता लागतो तो आपण त्याला सूचना देणार असू तेव्हा!

हा पत्ता आणायचा कुठून? जगभरचे पत्ते अपुरे पडणार, हे नव्वदीच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. काही पत्ते खाजगी वापरासाठी मोकळे ठेवावेत, असे १९९४ मध्ये सुचवले गेले. एकच पत्ता अनेकांकडे असला तर गोंधळ होईल, म्हणून त्याच वर्षी जोरदार विरोधही झाला. अखेर १९९६ मध्ये ही व्यवस्था पक्की झाली. त्यातल्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या गटात ६५,५३६ पत्ते आहेत. उत्पादकांनी त्यातूनच हवा तो उचलला: कुणी १९२.१६८.०.१, कुणी १९२.१६८.१.१.

आता तुमचा संगणक १९२.१६८.१.२० वर आणि स्विच १९२.१६८.०.१ वर असेल, तर संगणक समजतो की हा दुसऱ्या गावचा. तार थेट जोडलेली असली, तरी तो पत्र राउटररूपी पोस्टाकडे देतो आणि तिथे ते अडते. उपाय सोपा आहे. बाकीच्या तारा काढा, संगणकाला तात्पुरता १९२.१६८.०.५० हा पत्ता व २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. काही स्विच मात्र राउटरकडून पत्ता मागून घेतात. त्यांच्यासाठी तारा पुन्हा जोडून राउटरची यादी पाहावी.

एवढ्यानेही जमले नाही तर? काही स्विचना 'कन्सोल' नावाची वेगळी जोडणी असते. तिची जातकुळी १९६० च्या आरएस-२३२ या मानकाची, म्हणजे टेलिप्रिंटर मोडेमला जोडण्याच्या काळातली. तारेला दोनच टोके, त्यामुळे पत्त्याचा प्रश्नच नाही. आजच्या लॅपटॉपला त्यासाठी यूएसबीची वेगळी केबल लागते. वेगही जुळवावा लागतो, बहुधा सेकंदाला ९,६०० बिट. तो चुकला की पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटतात.