भुईआवळीची परीक्षा

पावसाळ्यात परसदारी, बांधाच्या कडेला वीतभर उंचीचे एक रोपटे आपोआप उगवते. पाने आवळीसारखी नाजूक आणि त्यांच्याखाली ओळीने मोहरीएवढी फळे. हीच आपली भुईआवळी. काविळीवर ती वाटून दुधातून देण्याची चाल जुनी आहे. या रोपट्याने एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कामाला लावले, ती ही हकीकत.

‘हेपटायटिस-बी’ या काविळीच्या विषाणूचा माग अमेरिकेत बरूच ब्लुम्बर्ग यांनी काढला. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू कित्येकांच्या रक्तात वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि त्यांतल्या काहींना अखेर यकृताचा कर्करोग होतो. तेव्हा विषाणूच हुसकावला, तर कर्करोगाची वाटही अडेल! या आशेने ब्लुम्बर्ग व त्यांचे सहकारी भारतीय वनस्पतींकडे वळले. १९८७ साली भुईआवळीच्या अर्काचा गुण परीक्षानळीत दिसला, तसाच वुडचक या अमेरिकन प्राण्यातही.

मग मद्रासला माणसांवर प्रयोग झाला. विषाणू बाळगणाऱ्यांना रोज तीनदा २०० मिलिग्रॅम भुकटी महिनाभर दिली. १९८८ साली निकाल आला: औषध घेणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसतेच नावाचे औषध घेणाऱ्या २३ जणांत ती एकाचीच गेली. केवढा आनंद झाला असेल!

पण शास्त्राचा दंडक कठोर आहे. एकाला आलेला गुण दुसऱ्यालाही यावा लागतो. थायलंडमध्ये तोच प्रयोग झाला आणि १९९० साली उत्तर आले ते नकाराचे. पुढच्या प्रयोगांनीही खात्रीलायक पुरावा दिला नाही. मग आजीबाईंचा अनुभव खोटा का? तसे नव्हे. पुष्कळशी कावीळ आपली आपणच उतरते. श्रेय मात्र त्या वेळी हाताशी असलेल्या औषधाला मिळते.

कर्करोगाची वाट अडविली ती लसीने, आणि तिची कल्पनाही ब्लुम्बर्ग व त्यांचे सहकारी मिलमन यांचीच! तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना ती टोचली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आले. भारतात ती २०११ पासून सर्वत्र मिळू लागली. पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. भुईआवळी परसात खुशाल वाढू द्यावी; बाळाची ही मात्रा मात्र चुकवू नये.