फ्युएल कंट्रोलर आणि ईसीयू ट्यूनिंग एकाच बाईकवर: फायदा कधी, घोळ कधी?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात बाईक ही हौसेपेक्षा गरजेची वस्तू असते. शेत, बाजार, तालुका, दवाखाना, सगळं तिच्यावरच. पण मोबाईलवर जे रील्स पुण्या-मुंबईच्या पोरांना दिसतात, तेच इथेही दिसतात. ‘कंट्रोलर बसवा, ईसीयू ट्यून करा, पिकअप बघा!’ मग प्रश्न पडतो की एक केल्यावर एवढा फरक पडतो, तर दोन्ही केल्यावर दुप्पट पडेल का?

उत्तर आहे, नाही. उलट नीट न केल्यास इंजिनचं काम निघू शकतं. का, ते समजून घेऊ.

ईसीयू नेमकं काय करतो?

कार्ब्युरेटरच्या बाईकमध्ये पेट्रोल किती जायचं ते जेट ठरवायचा. भारतात २००६ साली हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, पण इंजेक्शन बराच काळ महागड्या बाईकपुरतंच राहिलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि साध्या शंभर सीसीच्या बाईकलाही इंजेक्टर आला.

हा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. हा वेळ असतो काही मिलिसेकंदांचा. आरपीएम, थ्रॉटल, हवेचा दाब, इंजिनचं तापमान हे सगळं बघून तो आतल्या तक्त्यातला आकडा उचलतो. या तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’.

कंट्रोलर वेगळा, ट्यूनिंग वेगळं

फ्युएल कंट्रोलर ही वेगळी डबी असते. ती ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधल्या वायरिंगमध्ये बसते. ईसीयूने पाठवलेला सिग्नल ती अडवते, त्यात ठरलेले टक्के वाढवते किंवा कमी करते आणि पुढे सोडते. डायनोजेटचा पॉवर कमांडर हे यातलं जगभर माहीत असलेलं नाव. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक भारतात ओळखीचे आहेत. यातला पॉवरट्रॉनिक स्पार्कची वेळही बदलतो.

ईसीयू ट्यूनिंग, म्हणजेच ‘फ्लॅश’, यात डबी नसते. लॅपटॉप जोडून ईसीयूमधला मूळ मॅपच बदलला जातो. वूलिच रेसिंग, ट्यूनईसीयू ही अशी सॉफ्टवेअर. रेव्ह लिमिट, रेडिएटरचा फॅन कधी चालू व्हावा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल किती उघडावा, अशा फक्त पेट्रोल बदलणाऱ्या कंट्रोलरच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी फ्लॅशने बदलता येतात. मात्र प्रत्येक बाईकचा ईसीयू अशा सॉफ्टवेअरने उघडत नाही.

दोन्ही एकत्र आले की काय होतं?

एकाच रश्श्यात दोघांनी एकमेकांना न विचारता तिखट टाकलं, तर जे होतं तेच.

एक उदाहरण घेऊ. एका ठरावीक आरपीएमला इंजेक्टर ४ मिलिसेकंद उघडतो. फ्लॅशमध्ये ८ टक्के पेट्रोल वाढवलं, तर वेळ ४.३२ झाली. आता कंट्रोलरमध्ये तयार मॅप आहे, तो यावर आणखी १० टक्के चढवतो. वेळ झाली सुमारे ४.७५. म्हणजे एकूण वाढ जवळपास १९ टक्के. कंट्रोलरला फ्लॅश झाल्याचं माहीत नाही, कारण त्याचा मॅप मूळ ईसीयू गृहीत धरून बनवलेला आहे.

इतकं रिच मिश्रण झालं की प्लग काळा पडतो, अॅव्हरेज घसरतं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याने खराब होऊ शकतो.

ऑक्सिजन सेन्सरमुळे वाढणारा गोंधळ

याहून लपलेला धोका ऑक्सिजन सेन्सरचा आहे. सायलेन्सरच्या पाइपवरचा हा सेन्सर जळालेल्या वायूची ‘चव’ घेऊन ईसीयूला कळवतो. बाईक संथ, एकसारख्या वेगात असताना ईसीयू त्याचं ऐकून मिश्रण दुरुस्त करतो. याला ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर बहुतेक ईसीयू सेन्सरकडे न बघता थेट तक्त्यावर चालतात.

आता कंट्रोलरने संथ वेगात १० टक्के वाढवले. ईसीयूला वाटतं, पेट्रोल जास्त जातंय, म्हणून तो १० टक्के कापतो. वाढवलेलं वाया गेलं. पण अनेक ईसीयू ही कपात लक्षात ठेवतात आणि इतर ठिकाणीही लावतात. ज्या आरपीएमला कंट्रोलर काहीच वाढवत नाही, तिथेही मग कपात होते आणि मिश्रण लीन होतं. लीन मिश्रणावर जोर पडला की इंजिन तापतं, ठोके येतात, शेवटी पिस्टन आणि व्हॉल्व्हवर बेततं. चालवणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपण तर पेट्रोल वाढवलंय!

मग दोन्ही कधीच वापरायचे नाहीत का?

वापरता येतात. नियम एकच: पेट्रोलचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवायचा. त्याच्या दोन रीती आहेत.

- फ्लॅशने पेट्रोलसह सगळं बदलायचं आणि कंट्रोलर काढून टाकायचा. ईसीयू उघडत असेल तर हाच सरळ मार्ग.
- फ्लॅशने फक्त रेव्ह लिमिट, फॅन, थ्रॉटल यांसारख्या गोष्टी बदलायच्या, पेट्रोलचा तक्ता मूळचाच ठेवायचा आणि पेट्रोल फक्त कंट्रोलरने जुळवायचं. यात सेन्सरच्या दुरुस्तीचाही विचार करावा लागतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एअर फिल्टर, सायलेन्सर, प्लग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स नीट करायचे. मग कंट्रोलरचा मॅप शून्यावर आणायचा. ईसीयूमधली मूळ फाइल जपून ठेवायची. फ्लॅश चालू असताना बॅटरी उतरली तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून चार्जर जोडून ठेवायचा. शेवटी डायनोवर, रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण मोजायचं. दुसऱ्याच्या बाईकची डाउनलोड केलेली फाइल म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

ई२० चा मुद्दा

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० ला सुमारे १३.५ पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० वजनाने साधारण नऊ टक्के जास्त लागतं. साध्या पेट्रोलवर बनवलेला परदेशी मॅप इथे भरला, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो आपोआप लीन पडतो. मॅप कोणत्या इंधनावर बनवला, हे विचारल्याशिवाय तो भरू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रदूषणाची मर्यादा मोडणारं ट्यूनिंग ट्रॅकवर ठीक, रस्त्यावर नाही. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकू शकतो.

‘पीयूसी पास झाली ना!’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. पेट्रोलच्या दुचाकीची पीयूसी चाचणी बाईक उभी करून, आयडलवर होते. चढावर, मागे ओझं असताना मिश्रण कसं आहे, ते त्यात दिसत नाही.

दोन्ही आधीच बसवलं असेल तर?

बाईक अडखळत असेल, तर पहिलं काम म्हणजे कंट्रोलरचे कपलर काढून मूळ वायरिंग जोडणं. त्याने बाईक सुधारली, तर दोष डबीत, तिच्या मॅपमध्ये किंवा जोडणीत आहे. चिखल आणि प्रेशर वॉशिंगचं पाणी कपलरमध्ये शिरणं हेही नेहमीचं कारण. तरीही बिघाड राहिला, तर मूळ फाइल परत भरून बघायची. फ्लॅश बाहेरून दिसत नाही, त्यामुळे गावातल्या मेकॅनिकला काय काय बदललंय ते आधीच सांगावं. नाहीतर तो चांगले पार्ट बदलत बसतो आणि पैसे मालकाचे जातात.

सायलेन्सर, फिल्टर सगळं मूळचंच असलेल्या रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बाईकला या दोन्ही खर्चांतून फारसं काही मिळत नाही. साफ फिल्टर, चांगला प्लग, नीट ताणलेली चेन आणि टायरमध्ये पुरेशी हवा, एवढ्यावर ती मिरचीची पोती बाजारात पोहोचवते.