दोन नियम एकाच वेळी जुळले तर? काशीचे नागेशभट्ट ते एडिंबराची ‘होप’ (थ्रेड)

अठराव्या शतकातील काशी. काळे आडनावाचे महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात पाणिनीय व्याकरणातील एका जुन्या पेचाचा ऊहापोह करीत होते: एकाच शब्दाला दोन सूत्रे लागू पडली, तर कोणते चालवावे?

‘वृक्ष’ शब्द घ्या. ‘भ्याम्’ प्रत्ययापूर्वी एक सूत्र (७.३.१०२) शेवटचा अकार दीर्घ करते: वृक्षाभ्याम्. लगेच पुढचे सूत्र (७.३.१०३) बहुवचनात त्याचा एकार करते: वृक्षेषु. ‘भ्यस्’ मात्र दोन्ही सूत्रांच्या अटी पुऱ्या करतो. परंपरेचा निवाडा असा की, तुल्यबळ सूत्रांत नंतरचे जिंकते. म्हणून वृक्षेभ्यः.

पण क्रमाने सारे सुटत नाही. नागेशभट्टांनी विवरलेल्या बलाबलाच्या उतरंडीत अपवाद सर्वांत वर आहे. विशेष सूत्र कोठेही असो, सामान्याला ते बाधतेच. हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला.

आता १९८०. एडिंबरा विद्यापीठातील रॉड बर्स्टॉल, डेव्हिड मॅक्वीन आणि डॉन सॅनेला यांनी ‘होप’ ही फंक्शनल प्रोग्रामिंग भाषा मांडली. (कीलहॉर्नशी तिचा धागा जोडण्याचा मोह टाळावा, पेच तेवढा एक आहे.) तिच्यात माहिती कन्स्ट्रक्टरांनी घडते: यादी एकतर रिकामी, नाहीतर एक घटक आणि उरलेली यादी यांची जोडणी. फंक्शन म्हणजे अशा प्रत्येक घडणीसाठी दिलेले समीकरण. आलेली किंमत ज्या घडणीशी जुळेल, ते समीकरण चालते. हेच पॅटर्न मॅचिंग.

फॅक्टोरियलचे एक समीकरण ० साठी, दुसरे कोणत्याही संख्येसाठी. शून्य दोहोंत बसते. होपने अपवादाची बाजू घेतली: अधिक विशिष्ट पॅटर्न जिंकतो, समीकरणांचा क्रम कसाही असो.

हा मार्ग देखणा खरा, पण एक पॅटर्न (०, काहीही) आणि दुसरा (काहीही, ०) असेल आणि (०, ०) आले, तर? दोघांत अधिक विशिष्ट कोणीच नाही. वृक्षेभ्यःचीच अडचण!

१९९० च्या हास्केलने रोकडा मार्ग धरला: वरून खाली वाचावे, प्रथम जुळेल ते चालवावे. पाणिनीय परंपरेत नंतरचे सूत्र बलवान, येथे आधीचे. किंमत प्रोग्रामरने मोजायची. सामान्य समीकरण चुकून वर लिहिले, तर शून्याच्या समीकरणापर्यंत गणन कधी पोचतच नाही; ते ऋण संख्यांत उतरत राहते.