रिकाम्या स्लॉटचा इतिहास

मंडळी, जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की मदरबोर्डवर लांबट, अरुंद खाचा दिसतात. हे एक्सपान्शन स्लॉट. बऱ्याच घरांत ते शेवटपर्यंत रिकामेच राहतात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा तंत्रज्ञांनी आम्हाला जरा सांभाळून घ्यावं. पण यंत्र जुनं झालं हे ठरवायचं कुणी, मालकाने की बनवणाऱ्याने, हा प्रश्न या खाचांपाशी येऊन थांबतो, म्हणून हा विषय घेतला.

१९७७ च्या ॲपल टूच्या वेळी स्टीव्ह जॉब्झ यांना दोनच स्लॉट पुरेसे वाटत होते. एक प्रिंटरला, एक मोडेमला. वॉझनियॅक आठवर अडून बसले आणि आठच झाले. उद्या लोक यंत्राला काय जोडतील हे आपल्याला आज सांगता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, असं आम्ही समजतो.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात पाच स्लॉट होते, आणि इतरांना कार्डं बनवता यावीत अशी सर्किटच्या आकृत्यांसकट माहिती कंपनीने छापून विकायला ठेवली. हार्ड डिस्क मात्र नव्हती. १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर काम चालायचं. मग स्लॉटमध्ये कार्ड घालून हार्ड डिस्क जोडली की झालं ना? नाही झालं. यंत्र सुरू होताना बायोस नावाचा प्रोग्राम सर्वात आधी जागा होतो. नव्या कार्डावरच्या चिपमध्ये त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो. तो शोधून चालवणं हे बायोसचं काम. सुरुवातीच्या पीसींमध्ये ही सोय नव्हती. ती ऑक्टोबर १९८२ च्या बायोसपासून आली, आणि आधीच्या मालकांना ती चिप बदलून घ्यावी लागली. शिवाय वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटचा! म्हणजे दार उघडं, पण आलेल्याला ओळखणारं घरात कुणी नाही आणि पानात वाढायलाही पुरेसं नाही. १९८५ मध्ये प्लस डेव्हलपमेंट कंपनीने ‘हार्डकार्ड’ आणलं. कार्डावरच १० मेगाबाइटची डिस्क बसवलेली; स्लॉटमध्ये खोचा आणि वापरा.

पोर्टांची गोष्टही तीच. सिरियल पोर्टामागची ८२५० ही चिप आलेलं एकच अक्षर धरून ठेवायची. मोडेम वेगवान झाले तेव्हा ते अक्षर उचलायला प्रोसेसरला क्षणभर उशीर झाला की पुढचं त्यावर येऊन आदळे आणि मजकूर गळे. १६५५०ए चिपचं कार्ड घातलं की सोळा अक्षरं रांगेत थांबू शकत. एवढ्याशा रांगेने जुन्या पीसीला वेगवान मोडेम पेलता येऊ लागला.

आयबीएमने १९८७ मध्ये मायक्रो चॅनल हा नवा स्लॉट आणला. तो वेगवान होता खरा, पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि इतर उत्पादकांना परवान्याचे पैसे मोजावे लागणार होते. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये जुनी कार्डं चालतील असा स्वतःचा ईआयएसए स्लॉट जाहीर केला. ती भांडणं पुढे मिटली; आज सर्वत्र पीसीआय एक्सप्रेस आहे.

आता ॲपलचा २०१० चा मॅक प्रो घ्या. डिस्कच्या जोडणीची कमाल सेकंदाला सुमारे ३०० मेगाबाइट, यूएसबी दुसऱ्या पिढीचं, म्हणजे ४८० मेगाबिटचं. पण आत पीसीआय एक्सप्रेसचे चार स्लॉट. एका साध्या कार्डावर एनव्हीएमई डिस्क बसवली की वेग साधारण पाचपट होतो. दुसरं कार्ड ५ गिगाबिटचं यूएसबी देतं. डिस्कच्या खोक्यावरचा आकडा मात्र मिळत नाही. स्लॉटच दुसऱ्या पिढीचा, त्याच्या पलीकडे कार्ड जाणार कुठे?

२०१३ च्या मॅक प्रोमध्ये असे स्लॉटच नव्हते. ते २०१९ मध्ये परत आले. मधली सहा वर्षं अनेकांनी जुनीच यंत्रं कार्डं घालून चालवली. पण एनव्हीएमई डिस्कवरून ती थेट सुरू होत नसत. पुन्हा तोच १९८२ चा प्रश्न! २०१८ मध्ये मोहावी प्रणालीच्या काळात ॲपलने फर्मवेअर सुधारलं आणि ती अडचण संपली. गंमत अशी, की त्या यंत्रांसाठी कंपनीने अधिकृतपणे दिलेली शेवटची प्रणालीही मोहावीच.