वरसईचे दोघे यात्रेकरू

श्रोतेहो, काशीयात्रा म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीचे वेळापत्रक उभे राहते. परंतु आगगाडी नव्हती त्या काळी काशीस गेलेला माणूस परत येईलच असा भरवसा नसे. वाटेत चोर, नदीनाले, आजार. म्हणून यात्रेकरू सहसा एकटा निघत नसे. दुखणे आले तर उशाशी बसायला आणि प्रसंगी अग्नी द्यायला आपले माणूस हवे असे. अशाच एका जोडीची हकीकत आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आणि त्यांचे काका रामभट हे ते दोघे. घरात कर्ज झालेले. अशात मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणाही भरपूर मिळणार, अशी वार्ता कोकणात आली. मार्च १८५७ मध्ये चुलते-पुतणे निघाले. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जाता जाता क्षेत्रेही घडतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि उठाव होणार असल्याचे कळले. परत फिरावे की पुढे जावे? दोघे पुढे गेले. मथुरेचा यज्ञ बाजूलाच राहिला आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीस वेढा घातला तेव्हा हे यात्रेकरू शहरातच अडकले. एप्रिलच्या आरंभी गोरी फौज आत शिरली. कत्तल, लूट आणि आगी यांचे विष्णुभटांनी केलेले वर्णन आजही अंगावर काटा आणते. जवळची दक्षिणाही लुटीत गेली. परंतु ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या वैदिकाला आपल्या पैशाइतकेच दुःख झाशीच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे झाले.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांनी राणी लक्ष्मीबाईंना पाहिले. बाई तहानलेल्या होत्या. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणास हे काम लावणे त्यांना रुचले नाही. त्यांनी मडके घेऊन स्वतःच पाणी काढले. सेनापतींच्या खलित्यांत हा प्रसंग सापडणार नाही. तो पायी चालणाऱ्यालाच दिसावा.

आता कोणी विचारील, या हकीकतीवर विश्वास किती ठेवावा? प्रश्न रास्त आहे. विष्णुभटांनी ती सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापली, तीही भाषा व मजकूर यांत फेरफार करून. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे आपण गोडसे भटजींचे बोल वैद्यांच्या तोंडून ऐकत होतो. तेव्हा तारखा आणि ऐकीव गोष्टी पारखूनच घ्याव्यात. पण भूक, भीती आणि वाटेवरची माणसे यांविषयी हा साक्षीदार मोलाचा आहे, असे आमचे मत आहे. कोणाची बाजू मांडण्यासाठी तो निघालाच नव्हता.

आणि रामभटकाका? त्यांनी काहीच लिहून ठेवले नाही. दोघांनी भोगले, एकाने सांगितले. इतिहासात असे न लिहिणारे सोबतीच अधिक असतात. त्यांच्याविषयी आपण सांगणाऱ्याच्या तोंडून कळेल तेवढ्यावरच समाधान मानतो.

अयोध्या, काशी ही क्षेत्रे करून विष्णुभट सुमारे तीन वर्षांनी घरी परतले. कर्ज फेडण्याजोगे द्रव्य हाती नव्हते. खांद्यावर गंगाजलाची कावड मात्र होती. ज्या आईबापांना काशी घडणे शक्य नव्हते, त्यांना त्यांनी वरसईतच गंगास्नान घातले. द्रव्य मिळवण्यास निघालेला माणूस तीन वर्षे लुटला जाऊनही जे पाणी सांभाळून आणतो, त्या पाण्याची किंमत कोणत्या दप्तरात लिहावी? यात्रा सफळ झाली की नाही, याचा निवाडा आम्ही आपणांवरच सोपवतो.