डेल्टा यकृतशोथ : हिपॅटायटिस-बी बाधितांमधील प्रमाण

हिपॅटायटिस-बी असलेल्यांपैकी किती जणांना हिपॅटायटिस-डी म्हणजेच डेल्टा विषाणूचाही संसर्ग झालेला असतो, याचे मान. डेल्टाचा आरएनए जेमतेम १,७०० न्यूक्लिओटाइडांचा असून बाहेरचे आवरण त्याला बी विषाणूकडून उसने घ्यावे लागते. म्हणून त्याची मोजदाद बी-बाधितांमध्येच करतात. मारिओ रिझेत्तो यांनी १९७७ मध्ये इटलीतील तूरिन येथे डेल्टा प्रतिजन शोधला, तेव्हा तो बी विषाणूचाच भाग वाटला होता. चिंपांझींवरील प्रयोगांनी तो गैरसमज दूर केला.

जागतिक प्रमाणाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. २०१९ च्या एका विश्लेषणात ते १० टक्क्यांवर, म्हणजे सहा-सात कोटी लोक, असे निघाले. २०२० च्या दुसऱ्यात ४.५ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी २० लाख. जागतिक आरोग्य संघटना सुमारे ५ टक्के मानते. ही तफावत मुख्यतः नमुना कुठून घेतला यामुळे पडते. यकृताच्या दवाखान्यात येणारा माणूस बहुधा आधीच आजारी असतो, आणि डेल्टामुळे आजार बळावतो. म्हणून २०२० च्याच विश्लेषणात दवाखान्यांतील बाधितांत हे प्रमाण १६.४ टक्के भरले. शिवाय प्रतिपिंड सापडले म्हणजे विषाणू अजून अंगात आहेच असे नाही. त्यासाठी आरएनए तपासावा लागतो. निव्वळ दवाखान्यातील टक्केवारी सबंध देशाला लावणे म्हणूनच चुकीचे.

सरासरीपेक्षा प्रदेशांतील फरक अधिक बोलका आहे. मंगोलियात निम्म्याहून अधिक बी-बाधितांना डेल्टाचा संसर्ग आढळतो, आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाणही तेथे जगात सर्वाधिक आहे. ॲमेझॉन खोरे, मोल्दोव्हा, पश्चिम व मध्य आफ्रिका येथेही डेल्टाचे प्रमाण जास्त आहे. ब्राझीलमधील जीवघेण्या ‘लाब्रेआ तापा’मागे डेल्टा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. भारतात प्रमाण कमी आढळते. इटलीत ते १९८७ मधील सुमारे २३ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ८ टक्क्यांवर आले. तेथे बी-प्रतिबंधक लस १९९१ पासून सक्तीची आहे, आणि बी टळला की डेल्टाही टळतो. आधीच बी-बाधित असलेल्याला मात्र या लशीचा उपयोग नाही. अशा व्यक्तीला नंतर डेल्टा जडला, तर तो बहुतेकदा कायमचा राहतो आणि सिरोसिस लवकर होतो.

बी-बाधितांची डेल्टासाठी चाचणी अनेक ठिकाणी होतच नाही, त्यामुळे असे रुग्ण नुसते ‘बी’चे म्हणून नोंदले जातात. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने बी-बाधित ठरलेल्या प्रत्येकाच्या त्याच रक्तनमुन्यावर डेल्टाची तपासणी करावी, असे सुचवले आहे.